मैदानाकडे पाठ करून

मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून काम करावे असे ज्यांच्या मनात येते, त्यांतील बहुतेकांना खेळ जवळून पाहायचा असतो, आणि माझेही तसेच होते. अ‍ॅथलेटिक्स हा माझा जिव्हाळ्याचा विषय. कोणत्या धावपटूची सुरुवात संथ असते, कोणता भालाफेकपटू पहिल्या तीन प्रयत्नांतच सगळा जोर लावतो, कोणाची तिहेरी उडीतील मधली झेप आखूड पडते, असल्या गोष्टी मला तोंडपाठ असत. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये उसेन बोल्टने शर्यतीपूर्वी आपल्या मार्गिकेमागे उभ्या असलेल्या स्वयंसेवकाच्या मुठीला मूठ भिडवली होती. ते दृश्य दूरचित्रवाणीवर पाहिल्यापासून त्या जांभळ्या पोशाखातील माणसाच्या जागी आपण असावे, ही इच्छा मनात घर करून बसली. तो माणूस तेथवर पोचण्यासाठी किती चाळण्यांतून गेला असेल आणि तेथे उभा असताना त्याला नेमके काय काय करण्यास मनाई असेल, याची मला तेव्हा सुतराम कल्पना नव्हती.

पहिली जाणीव आकड्यांनी करून दिली. लंडनला सुमारे ७०,००० स्वयंसेवक होते आणि त्यासाठी जवळपास २,४०,००० लोकांनी अर्ज केले होते. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकसाठी अर्जांची संख्या ११ लाखांच्या वर गेली होती. २०२२ मध्ये कतारला झालेल्या फुटबॉल विश्वचषकासाठी २०,००० स्वयंसेवक हवे होते आणि अर्ज आले ४ लाखांहून अधिक. १९८० साली लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये साडेसहा हजारांच्या आसपास स्वयंसेवकांची रीतसर फळी उभी करण्यात आली होती; तेव्हापासून चार दशकांत हे प्रकरण एवढे वाढले आहे की, स्वयंसेवकांची निवड हेच आता आयोजन समितीच्या कामातील एक मोठे खाते होऊन बसले आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकच्या ४५,००० जागांसाठी ३ लाखांहून अधिक अर्ज आले, त्यांतील एक माझा होता.

तो अर्ज २०२३ च्या मार्च अखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत भरता येत होता. वयाची अट अठरा वर्षांची होती, फ्रेंच किंवा इंग्रजी येणे आवश्यक होते आणि किमान दहा दिवस उपलब्ध राहण्याची तयारी लागत होती. इथपर्यंत सगळे सरळ होते. पण पुढे जी प्रश्नावली होती, ती पाहून मी थोडी चक्रावले, कारण तीत खेळाविषयी फारसे काही विचारलेलेच नव्हते. गर्दीत तुम्हाला कसे वाटते, ठरलेले काम ऐन वेळी बदलले तर तुम्ही काय करता, एकट्याने काम करायला आवडते की चार जणांत, नियम आणि माणूस यांत ओढाताण झाली तर तुमचा कल कुणीकडे असतो, अशा स्वरूपाचे प्रश्न एकामागून एक येत राहिले. माझ्या डोक्यातील विक्रमांची आणि वेळांची सगळी जंत्री कुठे लिहावी, हेच मला कळेना. पुढे नकार आला. त्यात कारण नव्हते आणि एवढ्या अर्जांपुढे तशी अपेक्षाही करता येत नाही. पण भरलेल्या अर्जाची प्रत मी पुन्हा वाचली, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली. पूर्वानुभवाच्या रकान्यात लिहावे असे माझ्याकडे काही नव्हते. प्रेक्षक म्हणून घालवलेली वर्षे त्या रकान्यात बसत नाहीत.

त्यानंतर मी मोठ्या स्पर्धांच्या घोषणांवर डोळा ठेवण्याचे थांबवले आणि लहान स्पर्धांना माणसे हवी असतात, तेथे नाव नोंदवू लागले. सुरुवात रस्त्यावरील लांब पल्ल्याच्या शर्यतींमधील पाण्याच्या टेबलापासून झाली. दहा किलोमीटरपेक्षा मोठ्या शर्यतीत साधारण दर पाच किलोमीटरवर खाण्यापिण्याची टेबले मांडावी लागतात, एवढे मला नियमावलीतून माहीत होते. पण पेला कसा धरायचा हे कोणत्याही नियमावलीत दिलेले नसते. पूर्ण मुठीत धरला तर धावणाऱ्याला तो ओढून घ्यावा लागतो आणि निम्मे पाणी दोघांच्या अंगावर सांडते. पेला वरच्या कडेला बोटांनी हलकेच धरायचा, हात अंगापासून लांब ठेवायचा आणि धावणारा हात पुढे करतो त्या क्षणी आपला हात त्याच्याच दिशेने थोडा मागे न्यायचा, म्हणजे पेला अलगद सुटतो. दुसरी गोष्ट म्हणजे सगळे जण पहिल्याच टेबलावर तुटून पडतात आणि शेवटची टेबले भरलेलीच राहतात. म्हणून पुढे आणखी पाणी आहे असे एका माणसाने टेबलांच्या आधी उभे राहून सतत ओरडत राहावे लागते. हे ओरडण्याचे काम कुणालाच नको असते. मला ते मिळाले आणि पुढे मुलाखतीत त्याचाच सर्वाधिक उपयोग झाला.

मग मैदानावरील स्पर्धांमध्ये काम मिळू लागले, तेही वाळूच्या खड्ड्यापाशी. लांब उडी आणि तिहेरी उडी मी आयुष्यभर पाहत आले होते, परंतु उडी संपल्यावर दूरचित्रवाणीचा कॅमेरा खेळाडूच्या चेहऱ्याकडे वळतो आणि खड्ड्यापाशी काय घडते ते आपल्याला दिसत नाही. तेथे क्रम पक्का असतो. खेळाडू जिच्यावरून उडी घेतो त्या फळीवरच्या पंचाने उडी वैध असल्याचे पांढरे निशाण दाखवले तरच मोजमाप होते, लाल निशाण दाखवले तर नाही. वाळूतील ज्या खुणेचे अंतर फळीच्या रेषेपासून सर्वांत कमी असेल, तेथे मोजणीसाठी टोचा रोवला जातो, मग ती खूण टाचेची असो, हाताची असो किंवा मागे टेकलेल्या पाठीची असो. मोजलेले अंतर सेंटिमीटरच्या पूर्णांकात नोंदवतात आणि वरचे मिलिमीटर सोडून देतात. मोजमाप झाल्याचा इशारा मिळेपर्यंत फावडे वाळूला लावायचे नसते. इशारा मिळाला की मात्र पुढच्या खेळाडूचा वेळ सुरू होण्याच्या आत वाळू धावमार्गाच्या पातळीत समतल झालीच पाहिजे. वाळू कोरडी पडली तर खूण ढासळते, म्हणून ती ओलसर राखणे हेही आमच्याकडेच असे. उन्हात चार तास हे काम केल्यावर माझ्या ध्यानात आले की, त्या संपूर्ण दुपारी मी एकाही खेळाडूची धाव पाहिलेली नव्हती. पाहिले होते ते फक्त पाय वाळूत पडण्याचे क्षण आणि नंतरचे निशाण. कोण जिंकले हे मला गुणफलकावरून कळले.

येथे एक सांगायला हवे. या लहान स्पर्धांमध्ये जी माणसे नियमाने येतात, ती बहुधा कुणातरी खेळाडूचे पालक, निवृत्त शिक्षक किंवा जुने खेळाडू असतात, आणि त्यांना मोठ्या स्पर्धांचे आकर्षण फारसे नसते. माझ्यासारखी मोठ्या स्पर्धेकडे डोळे लावून बसलेली व्यक्ती त्यांना लगेच ओळखू येते. सुरुवातीला त्यांनी मला थोडे अंतरावरच ठेवले, ते योग्यच होते असे मला आज वाटते. पण सलग काही स्पर्धांना मी सांगितलेल्या वेळेच्या आधी पोचते आणि शेवटचा अडथळा उचलून गाडीत चढेपर्यंत थांबते हे दिसल्यावर त्यांनीच मला पंचांच्या प्राथमिक प्रशिक्षणाविषयी सांगितले आणि पुढे अर्जासाठी शिफारसपत्रही दिले.

दुसऱ्या मोठ्या अर्जाच्या वेळी माझी परिस्थिती वेगळी होती. स्पर्धा होती एक आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा. करारातील गोपनीयतेच्या कलमामुळे तिचे आणि पुढे येणाऱ्या खेळाडूंचे नाव मी येथे घेत नाही. अर्ज स्पर्धेच्या वर्षभर आधी खुला झाला. भाषा, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र, वाहन चालवण्याचा परवाना, पोशाखाचे माप, कोणत्या तारखांना उपलब्ध, कोणत्या विभागाला पसंती, हे सगळे भरून दिल्यावर पुढची पायरी ध्वनिचित्रमुद्रित मुलाखतीची होती. पडद्यावर प्रश्न येतो, विचार करायला अर्धा मिनिट मिळते आणि मग कोपऱ्यातील घड्याळ उलटे चालू लागते. समोर माणूस नसताना, स्वतःच्याच चेहऱ्याकडे पाहत उत्तर द्यायचे. ही पद्धत मला अजूनही अमानुष वाटते. हजारो अर्जांपुढे दुसरा उपाय नसेलही. पण लोकांशी प्रेमाने बोलणारी कितीतरी माणसे यंत्रासमोर गप्प होतात आणि चुणचुणीत बोलणारी पुढे जातात, हे नाकारता येणार नाही.

त्यातून पुढे गेल्यावर प्रत्यक्ष माणसाशी मुलाखत झाली. मुलाखत घेणारेही स्वयंसेवकच होते. मोठ्या स्पर्धांमध्ये ही पद्धत रुळलेली आहे. त्यांनी मला एक प्रसंग दिला. अंतिम शर्यत सुरू व्हायला दोन मिनिटे आहेत, तुमच्या प्रवेशद्वारावर एक कुटुंब दुसऱ्याच स्टँडचे तिकीट घेऊन आले आहे, त्यांची खरी जागा मैदानाच्या विरुद्ध बाजूला आहे आणि मूल रडते आहे. तुम्ही काय कराल? या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही, पण चुकीची उत्तरे बरीच आहेत. त्यांना आत सोडणे हे चूक, कारण त्या जागांचे धनी येणार असतात. हाताने दिशा दाखवून मोकळे होणे हेही चूक. मी पाण्याच्या टेबलापुढे ओरडण्याच्या अनुभवाचा आधार घेतला आणि सांगितले की, घाईत असलेल्या माणसाला एका वेळी एकच सूचना कळते, म्हणून मी त्यांना फक्त पुढचे वळण सांगेन आणि त्या वळणावरच्या सहकाऱ्याला वायरलेसवरून कळवून ठेवेन. त्यानंतर त्यांनी विचारले, तुमचा आवडता खेळाडू त्या वेळी धावत असेल तर? मी म्हणाले, मला आवाजावरून कळेल. दोघेही हसले. तेवढ्यावर मुलाखत संपली.

निवडीचे पत्र आले ते प्रेक्षक सेवा विभागाचे. मी पहिली पसंती खेळविभागाला दिली होती आणि क्षणभर मन खट्टू झाले. पण सर्वाधिक माणसे याच विभागाला लागतात आणि नवख्यांची सुरुवात बहुधा येथूनच होते. पत्रासोबत करार होता. त्यात काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे स्पष्ट लिहिलेले होते. पोशाख, कामाच्या दिवशीचे जेवण, शहरातील सार्वजनिक वाहतुकीचा पास आणि प्रमाणपत्र मिळणार. मानधन नाही, राहण्याची व्यवस्था नाही, प्रवासखर्च नाही, व्हिसाची जबाबदारी आपली. लंडन आणि पॅरिस येथेही राहण्याचा खर्च स्वयंसेवकांनी स्वतःच केला होता. बाहेरून येणाऱ्या माणसाने हा हिशेब अर्ज करण्यापूर्वीच मांडायला हवा, कारण स्पर्धेच्या काळात यजमान शहरात खोली मिळणे हीच एक स्पर्धा असते. आणखी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. कोणतीही अधिकृत स्पर्धा स्वयंसेवक होण्यासाठी शुल्क घेत नाही. नोंदणीशुल्क, प्रशिक्षणशुल्क किंवा व्हिसाची हमी अशा नावाखाली कुणी पैसे मागत असेल, तर तो आयोजकांचा माणूस नाही, असे खुशाल समजावे. अर्ज केवळ स्पर्धेच्या किंवा त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करावा.

करारातील मनाई मोठी होती. खेळाडूंबरोबर छायाचित्र नाही, स्वाक्षरी नाही, कामाच्या वेळी फोन खिशात, पडद्यामागच्या जागांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर नाहीत, स्पर्धेवर पैज लावायची नाही आणि आतून कळलेली कोणतीही माहिती, अगदी कुणाच्या पायाला पट्टी बांधलेली दिसली एवढीही, बाहेर सांगायची नाही. या शेवटच्या अटीचे कारण प्रशिक्षणात समजले. एखादा खेळाडू सरावात लंगडतो आहे ही बातमी सट्टेबाजासाठी पैशाची असते, आणि ती बातमी सर्वांत आधी दिसते ती टॉवेल देणाऱ्याला.

प्रशिक्षण तीन टप्प्यांत झाले. पहिला टप्पा सर्वांसाठी समान आणि घरबसल्या पाहण्याचा होता. स्पर्धेचा इतिहास, शिस्त, लैंगिक छळाच्या तक्रारीची व्यवस्था वगैरे. तो मी उरकला, असेच म्हणावे लागेल. तिसरा टप्पा प्रत्यक्ष स्टेडियममधील होता आणि त्यात आम्हाला आमच्या विभागातील प्रत्येक जिना, प्रत्येक प्रसाधनगृह आणि प्रत्येक बाहेर पडण्याचा मार्ग पायी फिरून पाठ करायला लावला. पण मला खरोखर काही शिकवले ते मधल्या टप्प्याने, आणि त्यातही अपंग प्रेक्षकांना साहाय्य करण्याच्या सत्राने. शिकवणारे गृहस्थ स्वतः चाकाच्या खुर्चीत होते. त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितले की, खुर्ची हा त्या माणसाच्या शरीराचा भाग समजा आणि न विचारता तिला हात लावू नका. प्रश्न सोबतच्या माणसाला विचारू नका, ज्याचा आहे त्यालाच विचारा. दृष्टिहीन व्यक्तीचा हात धरून ओढू नका. आपला कोपर पुढे करा, ती तो धरेल आणि अर्धे पाऊल मागून चालेल. जिना आला की चढायचा आहे की उतरायचा आहे हे आधी सांगा. कर्णबधिर व्यक्तीशी बोलताना तोंडावर हात नको आणि पाठीमागे प्रखर प्रकाश नको. मग आम्हाला जोड्या करून, एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, स्टँडमध्ये फिरवले. पायऱ्यांच्या कडेचा पट्टा सगळीकडे का असतो, हे मला त्या दिवशी समजले.

अ‍ॅक्रेडिटेशन कार्ड, म्हणजे प्रवेशाचे ओळखपत्र, गळ्यात आल्यावर आपण सगळीकडे जाऊ शकू अशी नवख्याची समजूत असते. वस्तुस्थिती उलट असते. आपल्याला कुठे जाता येणार नाही, हेच ते कार्ड सांगते. ऑलिम्पिकच्या कार्डांवर निळ्या रंगाचे चिन्ह म्हणजे प्रत्यक्ष खेळाचे मैदान, २ हा आकडा म्हणजे खेळाडूंच्या तयारीचा भाग, ४ म्हणजे पत्रकारांचा आणि ५ म्हणजे प्रक्षेपण करणाऱ्यांचा, तर क्रीडाग्रामातील निवासी भागासाठी ‘आर’ हे अक्षर असते. आमच्या स्पर्धेतही अशीच पद्धत होती आणि माझ्या कार्डावर प्रेक्षकांच्या भागाखेरीज काहीही नव्हते.

काम कसे होते? संध्याकाळच्या पाळीसाठी दुपारी दोनला हजेरी, मग गटप्रमुखाची दहा मिनिटांची सूचना, मग आपापल्या जागी. माझी जागा खालच्या स्टँडच्या एका जिन्याच्या तोंडाशी होती आणि मला प्रेक्षकांकडे तोंड करून, म्हणजे मैदानाकडे पाठ करून, उभे राहायचे होते. चारशे मीटरच्या अंतिम शर्यतीच्या वेळी माझ्यापासून काही पावलांवर धावपटू वळण घेत होते आणि मी मात्र हजारो चेहरे पाहत होते. ते चेहरे पाहणे हा एक वेगळाच अनुभव आहे, हे मी मान्य करते. डोळे कोणत्या वेगाने डावीकडून उजवीकडे सरकतात यावरून शर्यत कुठवर आली ते कळते. कुणीतरी पुढे सरकले की आधी एका रंगाच्या झेंड्यांखालची माणसे उभी राहतात. तरीही ही जागा खेळ पाहण्यासाठी उत्तम आहे असे मी म्हणणार नाही. ज्याला अंतिम शर्यत पाहायची आहे, त्याने तिकीट काढावे.

आणि तरीही काम कंटाळवाणे नव्हते. एका संध्याकाळी वरच्या रांगेतील एका वृद्ध प्रेक्षकाला उकाड्याने घेरी आली. प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे मी रांगेचा आणि आसनाचा क्रमांक वायरलेसवर दोनदा उच्चारला, दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना उठवून वाट मोकळी केली आणि वैद्यकीय पथक येईपर्यंत त्यांच्या पत्नीशी बोलत राहिले. पथक पोचले तेव्हा मैदानात विश्वविजेत्याचा सत्कार चालू होता आणि स्टँडमधील कुणाचेही आमच्याकडे लक्ष नव्हते. ते गृहस्थ सावरले, पाणी प्याले, आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो कोण जिंकले हा. मला उत्तर माहीत नव्हते.

पुढच्या एका स्पर्धेत, आधीच्या कामाच्या मूल्यमापनाच्या आधारे, खेळविभाग मिळाला आणि धावण्याच्या शर्यतींमध्ये खेळाडूंचे कपडे वाहून नेणाऱ्या गटात माझी नेमणूक झाली. बोल्टने ज्याच्या मुठीला मूठ भिडवली, ते हेच काम. खेळाडू तपासणीच्या खोलीतून, ज्याला सगळे कॉल रूम म्हणतात, रांगेने येतात. तेथे त्यांचे क्रमांक, बुटांचे खिळे आणि पिशवीतील सामान तपासलेले असते आणि फोन काढून घेतलेले असतात. प्रत्येक मार्गिकेमागे एक खोके आणि एक स्वयंसेवक. खेळाडू सरावाचा पोशाख उतरवतो, घड्याळ, साखळी, कधी देवाची छोटी तसबीर खोक्यात टाकतो. आपण त्याच्याकडे एकटक पाहायचे नाही, त्याने बोलल्याशिवाय बोलायचे नाही, खोक्यातील वस्तू नीट करायला हात लावायचा नाही. काही जण कपडे भिरकावतात, काही जण घडी घालून ठेवतात. एकीने मला प्रत्येक वेळी मान लववून नमस्कार केला. मग इशारा होताच आठही जणांनी खोकी उचलून, एका पावलाने, एका रांगेत, बोगद्याकडे चालू लागायचे. पंचाने सज्ज होण्याचा आदेश देण्यापूर्वी आम्ही मैदानाबाहेर गेलेले असलो पाहिजे. त्यामुळे पिस्तुलाचा आवाज आमच्या पाठीमागून येई. शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत, जगातील सर्वांत वेगवान माणसांच्या मागे दोन हातांवर उभे राहून, मी ती शर्यत पाहिली नाही. खोके घेऊन शर्यतीच्या शेवटच्या टोकाकडे पोचलो तेव्हा विजेता आधीच झेंडा गुंडाळून फोटोसाठी उभा होता आणि पराभूत झालेले सात जण आपापले खोके शोधत होते. त्यांना आधी आपले बूट हवे असतात. मला वाटते, पदकाविषयी माझी जी समजूत होती ती त्या सात जणांना बूट देताना बदलली.

त्यानंतर मी स्वतःहून मागून घेतलेले काम उत्तेजक द्रव्य चाचणीसाठी खेळाडूंना सोबत करण्याचे आहे, आणि त्याविषयी चाहत्यांमध्ये फारच थोडी माहिती असते. चाचणी घेणारे अधिकारी प्रशिक्षित आणि नेमलेले असतात, परंतु शर्यत संपल्यावर खेळाडूला गाठून कळवण्याचे आणि तो चाचणीकक्षात पोचेपर्यंत त्याला नजरेआड होऊ न देण्याचे काम अनेकदा प्रशिक्षण दिलेल्या स्वयंसेवकांकडे असते. त्यासाठी सज्ञान असावे लागते आणि खेळाडूशी कोणतेही नाते किंवा हितसंबंध असून चालत नाही. कुणाची चाचणी होणार हे आम्हाला आधी सांगत नाहीत. कधी क्रमांकानुसार निवड होते, कधी चिठ्ठीने, कधी विशिष्ट खेळाडूच ठरलेला असतो. मी स्त्री असल्याने माझ्याकडे महिला खेळाडू येत.

त्या दिवशी मला मिळालेला क्रमांक माझ्या सर्वांत आवडत्या धावपटूचा होता. दहा-बारा वर्षे मी तिची प्रत्येक शर्यत पाहिली होती. ती चौथी आली. पदक किती थोडक्यात हुकले, ते फलकावर झळकत होते. ती मार्गाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. मी ओळखपत्र दाखवले आणि पाठ केलेली वाक्ये म्हटली: तुमची चाचणीसाठी निवड झाली आहे, ही चाचणी अमुक संस्थेच्या अधिकारात होत आहे, तुम्हाला प्रतिनिधी आणि दुभाषा सोबत घेण्याचा हक्क आहे, आतापासून कक्षात पोचेपर्यंत तुम्ही माझ्या नजरेसमोर राहायला हवे. तिने वर न पाहता सही केली. मी वेळ लिहिली. नियमानुसार तिला पत्रकारांना भेटण्यासाठी, अंग सैल करण्यासाठी किंवा पदकसमारंभासाठी थोडा अवधी घेता येतो. पदक तर नव्हतेच. पत्रकारांच्या मार्गिकेतून ती एकामागून एक कॅमेऱ्यांसमोर थांबत गेली आणि मी दोन-तीन पावले मागे, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, चालत राहिले. पाण्याची बाटली मी तिच्या हातात दिली नाही. सीलबंद बाटल्यांच्या खोक्याकडे बोट केले आणि तिने हवी ती उचलली, कारण पुढे काही वाद झाला तर पाणी कुणी दिले हा प्रश्न येता कामा नये. तिला सांगावे असे माझ्याकडे पुष्कळ होते. शेवटच्या वळणावर तिची लय बिघडत नव्हती, गेल्या हंगामापेक्षा तिची सुरुवात सुधारली होती, हे सगळे ओठांवर आले आणि तेथेच राहिले.

चाचणीकक्षातील प्रतीक्षा लांबली. नमुना किमान ९० मिलिलिटर लागतो आणि उन्हातून धावून आलेल्या शरीरात तेवढे पाणीच उरलेले नसते. नमुना देताना साक्षी असतो तो त्याच लिंगाचा अधिकारी. आमचे काम प्रतीक्षाकक्षापर्यंतच. तिच्या प्रशिक्षकांनी मला विचारले की मी धावते का. मी म्हणाले, नाही, वाळू सारखी करते. हे त्यांना कळले असावे, कारण त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि लांब उडीच्या खड्ड्यातील वाळू किती ओली असावी, यावर आमचे पुढची वीस मिनिटे बोलणे झाले. धावपटू डोळे मिटून भिंतीला टेकून बसली होती. अखेरीस ती उठली, अधिकाऱ्यांबरोबर आत गेली आणि मी माझ्या कागदावर सुपूर्द केल्याची वेळ लिहून बाहेर पडले. त्या संध्याकाळी माझ्या नावावर आणखी दोन क्रमांक होते.

अलीकडे नव्या स्वयंसेवकांच्या मुलाखती घेणाऱ्या गटात मला बोलावले जाते. अर्जात ज्याने खेळाडूंच्या नावांची लांब यादी दिलेली असते, त्याला मी नाकारत नाही, कारण मीही तशीच आले होते. पण मी त्याला एक गोष्ट विचारते: तुम्ही शेवटचे केव्हा एखादी स्पर्धा संपल्यानंतर मैदानात थांबला होता आणि तेव्हा काय उचलले होते? काही जण गोंधळतात. एका मुलाने मात्र क्षणाचाही विचार न करता सांगितले की, शाळेच्या स्पर्धेनंतर त्याने अडथळ्यांच्या शर्यतीचे सगळे अडथळे उंचीनुसार वेगळे लावून ठेवले होते, कारण दुसऱ्या दिवशी पहिली शर्यत मुलींची होती आणि त्यांच्या अडथळ्यांची उंची कमी असते. त्याच्या नावापुढे मी खेळविभाग असे लिहिले.